शाळेने गृहीत धरलेलं घर

शाळेतून मुलांना रोज मिळणाऱ्या सूचना एकदा कागदावर उतरवून पाहाव्यात. उद्या वहीवर पालकांची सही आणा. प्रकल्पासाठी कार्डशीट आणि डिंक आणा. बूट पुसून या. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ टाकलाय, घरी बघा. आधारची झेरॉक्स राहिलीय, सोमवारी आणलीच पाहिजे. यातली एकही सूचना जाचक नाही. पण प्रत्येकीत एक घर दडलेलं आहे. त्या घरात नळ आहे, दिवा आहे, कागद ठेवायला पत्र्याची पेटी आहे आणि संध्याकाळी सही करायला कुणीतरी जागेवर सापडतं. ज्या मुलाकडे हे घर नाही, तो दिवसातून चार-पाच वेळा नापास होतो आणि त्या परीक्षेचा विषय वेळापत्रकात कुठेच नसतो.

बेघर मुलांच्या शिक्षणाची आपली चर्चा प्रवेशापाशी सुरू होते आणि प्रवेशापाशीच संपते. जूनमध्ये शाळाबाह्य मुलांची शोधमोहीम, गुलाबाचं फूल, नवं दप्तर, पहिल्या दिवसाचा फोटो. दिवाळीनंतर त्यातली किती मुलं वर्गात बसतात, हे कुणी विचारत नाही. प्रवेशाचं दार कायद्याने उघडलं त्याला दीड दशक झालं. मुलं गळतात ती आत आल्यावर, आणि बहुतेक वेळा अगदी किरकोळ वाटणाऱ्या कारणांनी. घर जी कामं मुलासाठी न बोलता करतं, त्यातली जमतील तेवढी शाळेने आणि आसपासच्या वस्तीने वाटून उचलली, तर ही गळती थांबवता येते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही आणि फार पैसाही लागत नाही.

आधी बेघर म्हणायचं कुणाला, हे ठरवलं पाहिजे. २०११च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभर बेघरांची मोजणी झाली. रस्त्याच्या कडेला, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, मोठ्या सिमेंटच्या पाइपांत, देवळाच्या ओट्यावर, रेल्वेच्या फलाटावर राहणारे त्यात धरले गेले. आकडा निघाला सुमारे १७.७ लाख, त्यातले २ लाखांहून अधिक महाराष्ट्रातले. एका रात्रीच्या मोजणीत सुटलेली माणसं किती असतील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. शिवाय शाळेच्या कामासाठी ही व्याख्या अपुरीच आहे. झोपडी तुटल्यावर मामाच्या दहा बाय दहाच्या खोलीत आठवी-नववी व्यक्ती म्हणून झोपणारी मुलगी, इमारतीच्या बांधकामावर पत्र्याच्या शेडमध्ये राहणारा आणि स्लॅब संपला की हलणारा मुलगा, नवऱ्याच्या मारहाणीमुळे आईबरोबर महिला आधारगृहात आलेली भावंडं, ही सगळी या प्रश्नात येतात. अमेरिकेत १९८७ साली झालेल्या मॅककिनी-व्हेंटो कायद्यात शाळांसाठी कसोटी अशी आहे की, रात्रीचा निवारा कायमचा, नियमित आणि पुरेसा आहे का? तीनपैकी एक जरी नसलं तरी मूल बेघर. नातेवाइकांकडे नाइलाजाने राहणारं मूलही त्यात बसतं. ही कसोटी उचलायला हरकत नाही.

आपल्या शिक्षणहक्क कायद्यात कमी काही नाही. २००९चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम १४. वर्षाच्या मध्ये आलं तरी घ्यावंच लागतं, हे कलम १५. जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला तरी नव्या शाळेला अडवता येत नाही, हे कलम ५. वयानुरूप वर्गात बसवून मागे राहिलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणाने भरून काढायचा, हे कलम ४. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांचा प्रवेश पाहणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी, हे कलम ९. आधार नाही म्हणून शाळाप्रवेश रोखता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८च्या निकालात सांगून टाकलं.

मग मुलं दारातून परत का जातात? मुख्याध्यापक दुष्ट असतात म्हणून नव्हे. शाळेला शिक्षकांची पदं किती, हे पटावरून ठरतं; त्यालाच संचमान्यता म्हणतात. अलीकडे या मोजणीत आधार वैध ठरलेली मुलं हाच पट धरण्याचा आग्रह वाढला. म्हणजे आधार नसलेलं मूल घेतलं, तर वर्गात एक डोकं वाढतं, खिचडीचं एक ताट वाढतं, पण पद टिकवायला त्याचा उपयोग नाही. एकीकडे न्यायालय म्हणतं अडवू नका, दुसरीकडे हिशेब म्हणतो की घेऊन काय मिळणार? अशा वेळी कुणी ‘नाही’ म्हणत नाही. ‘आधार काढून आणा, मग बघू’ एवढंच म्हणतात. नकार तोंडी असल्यामुळे तक्रारीला कागद उरत नाही. म्हणून पहिला इलाज कोरडा आणि कारकुनी आहे: प्रवेशासाठी साध्या कागदावर तारखेसह अर्ज द्यावा आणि पोच म्हणून आवक क्रमांक घ्यावा. कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार करता येते आणि तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित असतो. उघड्यावर राहणाऱ्या मुलासाठी तीन महिने म्हणजे एक आख्खं गाव बदलणं. तरीही आवक क्रमांक पडला की निम्मी प्रकरणं तक्रारीआधीच सुटतात. संचमान्यतेच्या हिशेबात अशी मुलं प्रत्यक्ष पडताळणी करून धरली गेली पाहिजेत. ती गटशिक्षणाधिकाऱ्याने वर्गात येऊन करावी. शिक्षक संघटनांनी लढावं असा हा मुद्दा आहे, कारण यात मुलाचं आणि शिक्षकाचं हित एकाच बाजूला आहे.

दुसरी अडचण पोर्टलवरची. जुन्या शाळेने यू-डायसवर, म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या सरकारी पोर्टलवर, मुलाला मोकळं केलं नाही, तर नव्या शाळेच्या यादीत त्याचं नाव चढत नाही. मूल वर्गात, नाव दुसऱ्या जिल्ह्यात. मग त्याचा गणवेश, पुस्तकं, पोषण आहाराचा आकडा, सगळं अधांतरी. इथे पालकाला दाखल्यासाठी जुन्या गावी पाठवणं ही सर्वांत महाग चूक आहे. बिगारी कामगाराचा दोन दिवसांचा रोज बुडतो आणि पुष्कळदा तो जातच नाही. नव्या शाळेच्या मुख्याध्यापकाने जुन्या शाळेला फोन करावा, तेवढ्याने काम होतं. पाच मिनिटांचं काम आहे. ते कुणाचं, हे मात्र ठरलेलं असावं लागतं.

आता शाळेच्या आत येऊ. मूल बेघर आहे हे कळणार कसं? ते स्वतः सांगत नाही. पालक तर मुळीच सांगत नाहीत, आणि त्यांच्या भीतीला आधार आहे. २०१५च्या बाल न्याय कायद्यात घर किंवा ठरलेली राहण्याची जागा नसलेलं आणि उदरनिर्वाहाचं साधन नसलेलं मूल ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं’ ठरतं. रस्त्यावरच्या आईने याचा सरळ अर्थ लावलेला असतो: खरं सांगितलं तर पोराला उचलून नेतील. त्याच कायद्याच्या मूलतत्त्वांत मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय म्हटला आहे, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. एकटं, पालकांविना भटकणारं मूल असेल तर १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवायलाच हवं. आईबापांबरोबर पदपथावर राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत शाळेने आधी त्यांचा विश्वास कमवावा. ‘तुझं घर कुठे?’ असं वर्गात विचारूच नये. ‘काल अभ्यास कुठे बसून केलास?’ या प्रश्नाला मुलं खरं उत्तर देतात. बाकी खुणा दिसतातच: दर दोन महिन्यांनी बदलणारा फोन नंबर, पहिल्या तासाला झोप, सोमवारी जास्त भूक, ताटातला भात पिशवीत भरून ठेवणं, पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी गैरहजेरी.

या खुणांपैकी झोप सगळ्यांत गैरसमज करून देणारी. पदपथ शांत होतो तो दुकानांची शटर पडल्यावर. पथारी त्यानंतरच टाकता येते, आणि पहाटे झाडूवाले यायच्या आत उचलावी लागते. मधे डास, गाड्यांचे हॉर्न, पोलिसांची फेरी. मुलाची झोप चार-पाच तासांवर जात नाही. अशा मुलाला उभं करून ‘रात्री काय करतोस?’ विचारण्यात काय मिळवायचं असतं, कोण जाणे. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात चटई आणि चाळीस मिनिटांची परवानगी, एवढ्याने उरलेले पाच तास वर्गात कारणी लागतात. शिस्त बिघडेल ही भीती व्यक्त होते. पण चक्कर आलेल्या मुलाला आडवं केल्याने आजवर कुठल्या शाळेची शिस्त बिघडली?

पाण्याचंही तसंच. शाळेचं फाटक पाऊण तास आधी उघडलं आणि बादल्या, साबण, चार-सहा पंचे ठेवले, तर दहा-बारा मुलांची अंघोळ प्रार्थनेआधी उरकते. मुलींसाठी कडी लागणारं दार हवं, आणि सॅनिटरी पॅड मागावं लागू नये अशा जागी ठेवलेलं हवं. हे बिघडतं ते दोन कारणांनी. किल्ली एका शिपायाकडे असते. तो रजेवर गेला की आठवडाभर कुलूप. म्हणून किल्ल्या दोन, दोघांकडे. दुसरं कारण जास्त बोचरं: फक्त पुलाखालची मुलं अंघोळीला येतात असं दिसलं की त्यांना नाव पडतं, आणि नाव पडलं की ती येत नाहीत. त्यावर तोडगा म्हणजे सकाळी खो-खो किंवा कबड्डीचा सराव ठेवायचा. घामेजलेल्या तीस मुलांत ही दहा कोण, हे कुणालाच कळत नाही.

दप्तराची गोष्ट शिक्षकांनी डोळ्यांपुढे आणावी. अतिक्रमण विभागाची गाडी येते तेव्हा ताडपत्री, भांडी, कपड्यांचं गाठोडं एकदमच उचललं जातं. दप्तर त्या गाठोड्यात असतं. दंड भरून गोदामातून सामान सोडवता येतं, पण बाप सोडवतो तो स्टोव्ह आणि पातेली. बालभारतीची मोफत पुस्तकं वर्षातून एकदा, जूनमध्ये मिळतात. ऑक्टोबरात गेलेलं पुस्तक परत मिळत नाही. म्हणून या मुलांचं दप्तर शाळेतच राहावं. एका लाकडी मांडणीत प्रत्येकाचा खण, आणि दरवर्षी पुढच्या वर्गात जाणाऱ्या मुलांकडून जमा केलेले इयत्तेमागे दोन-तीन जादा संच. त्याच खणात जन्माचा दाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, बँकेचं पासबुक यांच्या प्रती पाकिटात. मूळ कागद वाहून गेले किंवा जप्त झाले तर कुटुंबाची उभी राहायची सुरुवात या पाकिटापासून होते. आणि घरचा अभ्यास? तो शेवटच्या तासाला शाळेतच करून घ्यावा. घरच नाही तर घरचा अभ्यास कसला.

जेवणाबद्दल थोडक्यात. पोषण आहाराचं माप पहिली ते पाचवीला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० आणि २० असं आहे. हे दिवसातलं एक जेवण म्हणून ठरवलेलं आहे. बेघर मुलाचं ते मुख्य जेवण असतं, कधीकधी एकमेव. त्यामुळे रविवार, दिवाळी आणि मे महिना त्याला लांबच लांब पडतात. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही माध्यान्ह भोजन द्यायला सांगितलं होतं. म्हणजे भुकेला सुट्टी नसते हे तत्त्व मान्य झालेलंच आहे. ते या मुलांनाही लावावं. शनिवारी सोबत चिक्की, भाजलेले चणे, केळी द्यावीत. उरलेली खिचडी बांधून देऊ नये, उन्हाळ्यात ती संध्याकाळपर्यंत आंबते.

हे सगळं वाचताना शिक्षकाच्या मनात येतं, आम्हीच का? बरोबर आहे. राज्यात बालरक्षक म्हणून स्वतःहून पुढे आलेल्या शिक्षकांनी शेकडो मुलं शाळेत आणली आणि टिकवली. पण ते काम त्यांच्या स्वभावावर चालतं. बदली झाली की थांबतं. अमेरिकी कायद्यातली खरी उचलण्यासारखी गोष्ट आहे ती ही की प्रत्येक शालेय जिल्ह्यात बेघर मुलांसाठी नेमलेली एक व्यक्ती असते आणि ती कोण, हे शाळांना माहीत असतं. आपल्याकडे प्रत्येक केंद्रात, म्हणजे जवळजवळच्या शाळांच्या गटात, एका शिक्षकाला आठवड्याचे सहा तास मोकळे करून, प्रवासखर्च देऊन हे काम लेखी सोपवता येईल. कामं ठरलेली: सलग तीन दिवस गैरहजर मुलाच्या जागेवर चौथ्या दिवशी जाणं, जुन्या शाळेला फोन, निवारागृहाशी संपर्क, पाकिटातले कागद पुरे करणं. महिनाभर गैरहजर राहिल्यावर मुलाला शाळाबाह्य म्हणून शोधायला निघण्यात अर्थ नाही. तोवर कुटुंब दुसऱ्या पुलाखाली गेलेलं असतं.

वेगळ्या शाळा काढाव्यात का? वीटभट्ट्यांवरच्या भोंगाशाळा, कारखान्यांजवळच्या साखरशाळा, ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ साली सुरू झालेली सिग्नल शाळा, यांनी ज्यांना कुणी विचारत नव्हतं त्यांना अक्षर दिलं. त्यांचं मोल कमी लेखायचं कारण नाही. पण धोरण म्हणून वेगळी शाळा हा पूल असावा, मुक्काम नव्हे. ती सुरू करतानाच प्रत्येक मूल कोणत्या महिन्यात कोणत्या नियमित शाळेच्या पटावर जाईल, हे लिहून ठेवावं. नाहीतर गरिबांची वेगळी शाळा ही कल्पना आपल्या समाजाला फार लवकर सोयीची वाटू लागते.

इथे महापालिकेला एक प्रश्न विचारायला हवा. शाळा तिची, अतिक्रमणविरोधी पथकही तिचंच, आयुक्त एकच. सकाळी तिचा शिक्षक मुलाला शोधून आणतो आणि दुपारी तिचीच गाडी त्याचं दप्तर घेऊन जाते. पावसाळ्यात राहत्या झोपड्यांवर हातोडा चालवू नये, हा दंडक राज्यात आहे. हवामानाला मिळते ती सवलत परीक्षेला का नको? मार्च-एप्रिलमध्ये मुलं असलेल्या वस्तीवर कारवाई नको. इतर वेळी प्रभागाच्या शिक्षण विभागाला तीन दिवस आधी यादी मिळावी, आणि दप्तर व कागदपत्रं जप्त करायला सक्त मनाई असावी. पुनर्वसन दहा किलोमीटरवर झालं तर वर्ष संपेपर्यंत मूल जुन्याच शाळेत राहावं आणि बसचा पास शाळेतून मिळावा. दर बदलीत मुलाच्या हातून मित्र सुटतात, बाई सुटतात आणि भागाकार अर्धाच राहतो.

शेजारच्या वस्तीचं काम यापेक्षा साधं, पण चिवट आहे. जवळपास प्रत्येक वॉर्डात समाजमंदिर असतं, मंडळाची खोली असते, अभ्यासिका असते. संध्याकाळी सहा ते साडेआठ दिवा, पंखा, चटया आणि वडीलधारं एक माणूस, एवढं वर्षभर मिळालं तर पाच संस्थांनी जूनमध्ये वाटलेल्या पाच दप्तरांपेक्षा ते उपयोगी. वाटप सगळ्यांना आवडतं, कारण ते एका रविवारी संपतं. मुलाकडे तीन दप्तरं आणि एकही चप्पल नाही, असं होतं ते त्यामुळेच. म्हणून देणाऱ्याने आधी शाळेला विचारावं आणि वस्तू शाळेच्या मांडणीतून, नाव न लावता जावी. फोटो नको; त्या मुलाच्या वर्गमित्रांकडेही फोन असतात. शिकवायला येणाऱ्या स्वयंसेवकांची पोलीस पडताळणी करावी, मुलांसोबत नेहमी दोन मोठी माणसं असावीत, आणि सहा महिन्यांची हमी देणाऱ्यालाच घ्यावं. चार शनिवार येऊन गायब होणाऱ्या दादा-ताई या मुलांनी पुष्कळ पाहिलेल्या असतात. मोठ्या मुलींसाठी आणखी एक गोष्ट: धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन आली तर परत पाठवू नये. शाळेशेजारच्या अंगणवाडीची वेळ शाळेशी जुळवली, तर सहावी-सातवीतल्या कितीतरी मुली वर्गात राहतील.

आठवीनंतर शिक्षणहक्काचं छत्र संपतं आणि कागदांचं राज्य सुरू होतं. शिष्यवृत्तीला जातीचा दाखला लागतो. दाखल्याला अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा. ज्यांच्या तीन पिढ्या पालात गेल्या त्यांनी १९६१चा कागद कुठून आणायचा? हा नियम बदलायला वेळ लागेल. पण शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद पुढे पुरावा म्हणून पुन्हा पुन्हा लागते, आणि ती लिहिणं आज, इथे, एका माणसाच्या हातात आहे. जात-पोटजात पालकाला विचारून, नीट अक्षरात, संक्षेप न करता लिहावी. जन्मतारीख सरसकट एक जून टाकू नये. निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस त्या दिवशी येतो हा विनोद जुना झाला. अंगणवाडीची किंवा परिचारिकेची नोंद शोधावी, ती नसेल तर पालकाचं लेखी घोषणापत्र घेऊन त्यांनी सांगितलेल्या सणावरून, पावसावरून महिना तरी गाठावा. शाळा सोडल्यावर ही तारीख बदलणं फार अवघड जातं. पत्त्याच्या रकान्यात ओळखीच्या कुणाचा खोटा पत्ता लिहू नये, रकाना कोराही ठेवू नये. ‘उड्डाणपुलाखाली, उत्तरेकडून चौथा खांब, दवाखान्यासमोर’ असं असेल तर तसंच लिहावं, शेजारी तारीख घालावी, आणि कुटुंब हललं की खाली नवी ओळ.